दगडी कुंडातलं विसण

आमच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड पाहिलं की पाहुण्यांना हमखास तुळशीवृंदावन आठवतं. उंची साधारण तेवढीच, कमरेपर्यंत. खाली चौकोनी बैठक, तिच्यावर बारीक होत गेलेला खांब, आणि वर काळ्या दगडाचं खोल गोल भांडं, बाहेरून पाकळ्या कोरलेलं. कुणी घडवलं, कधी घडवलं, ठाऊक नाही. पोर्तुगीज गेले तेव्हा ते होतं, एवढं गावात सगळे सांगतात. घडवणारा हात चौलचा असणार, हे मात्र माझं मत आहे. तसल्या पाकळ्या मी चौलच्या देवळांत पाहिल्या आहेत. फादरांना हे सांगितलं तर ते हसले. हसोत बापडे. ते वसईचे, त्यांना आमच्याकडचा दगड काय माहीत.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी आमचं गाव. गावातल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं डोकं या कुंडावर एकदा भिजलेलं आहे. माझ्या आईचं भिजलं, माझं, माझ्या धाकट्या बहिणीचं आणि माझ्या लेकीचं. लेकीनं तर इतकं भोकाड पसरलं होतं म्हणे की फादरांना प्रार्थना दोनदा म्हणावी लागली. 'म्हणे' अशासाठी, की मी तिथे नव्हते. आमच्याकडे जुन्या रीतीप्रमाणे आई चर्चमध्ये जात नसे. ती घरी उंबऱ्याच्या आत थांबायची. धर्ममाता मूल घेऊन चर्चला जायची आणि परत आणून आईच्या हातात द्यायची. देताना एक ठरलेलं वाक्य म्हणायची, "काफर नेलं होतं, ख्रिस्ताव आणलं." मग सगळे हसायचे आणि केक कापला जायचा.

लेक गेल्या पावसाळ्यात गेली. पनवेलच्या दवाखान्यात बाळंत झाली. पोर धडधाकट जन्मली, लेकीचं रक्त थांबेना. सकाळी मी आजी झाले आणि दुपारी जावयाचा फोन आला.

हे मी असं सरळ सांगू शकते, फळ्यावर वाक्य लिहावं तसं. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, वाक्य बनवायला मला कधी अडचण पडली नाही. अडचण होती ती ही, की तेव्हाही मी असंच सांगत होते. येईल त्याला सांगायची, चहा करायची, कप विसळायची. रडू येईना. आळीतल्या बायका म्हणाल्या, हिला रडवा, नाहीतर हिच्या डोक्यावर परिणाम होईल. एकीनं कुठून तरी लेकीचा शाळेतला फोटो शोधून माझ्यासमोर धरला. मी बघितला. तिची उजवी वेणी तिरपी घातली गेली होती, एवढंच माझ्या लक्षात आलं. ती बाई माझ्याकडे पाहत थांबली आणि शेवटी फोटो घेऊन निघून गेली.

बधिर झाले होते मी. दात काढल्यावर गाल कसा आपला असून आपला वाटत नाही, तसं.

लेकीचं सासर पेणच्या बाजूचं. एके काळची मिठागरवाली माणसं, आता दोन ट्रक आहेत. हिंदू. लग्न दोन्ही पद्धतींनी झालं, कुणी फार आदळआपट केली नाही. मूल झालं की बारसंही करायचं आणि एकदा गावच्या कुंडावरही आणायचं, असं लेकीनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती गेल्यावर ते कोण पाळणार, असं मला वाटलं होतं. जावई दिवाळीनंतर स्वतःच म्हणाला, "मम्मी, तिचं तेवढं करून टाकू."

करून टाकू. मला राग यायला हवा होता, पण तोही आला नाही.

आता खरं काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला ती पोर हवी होती. बाप्तिस्मा हे निमित्त. जावई जेमतेम तिशीचा. आज ना उद्या दुसरं लग्न करणार, आणि त्यानं करावंच. मग नवी आई येईल, नवं आजोळ होईल, आणि मी कोण? भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोची आई. वर्षातून एकदा पोर आणून दाखवतील, मग तेही बंद पडेल. म्हणून मी ठरवलं होतं, की बाप्तिस्मा झाला, पोर आमच्यातली झाली, की लगेच विहीणबाईंकडे तिला मागून घ्यायची. माळ्यावरचा पाळणा काढून, धुऊन, उन्हात वाळवून ठेवला होता.

गंमत अशी, की पोरीला मी दोनदा मांडीवर घेतली होती आणि दोन्ही वेळा मला काहीही वाटलं नव्हतं. गाठोडं धरावं तशी धरून बसले होते. काही वाटत नसताना ती हवीच होती. हे कुणाला सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

कुंड बरेच दिवस वापरात नव्हतं. नव्या फादरांनी काचेचं एक सुबक भांडं आणलंय, ते वेदीजवळ स्टँडवर ठेवतात. सगळ्यांना दिसतं, फोटो चांगले येतात. जुनं कुंड दाराजवळच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीमागे. मी फादरांना म्हटलं, विधी कुंडावरच होईल. ते म्हणाले, "बाई, ते गळतं." मी म्हटलं, "गळतं नाही, त्याला भोक आहे. भोक असणं आणि गळणं यात फरक आहे." त्यांनी कुंडाच्या झाकणाची चावी दिली. माझ्याशी तेव्हा गावात कुणीच वाद घालत नव्हतं.

भोक असं, की कुंडाच्या तळाशी मधोमध एक छिद्र आहे आणि ते खांबाच्या पोटातून थेट जमिनीत उतरतं. आशीर्वाद दिलेलं पाणी गटारात जाऊ नये, कुणाच्या पायाखाली येऊ नये, ते जागच्या जागी मातीत जिरावं, यासाठी केलेली सोय. झाकणाला कुलूप, कारण लोक पाणी चोरायचे. मूल दृष्टावलं, म्हैस आटली, होडीला मासळी लागेना, सगळ्यावर हा उतारा. चोरणारे फक्त आमचेच नव्हते. कोळीवाड्यातल्या बायाही बाटल्या घेऊन यायच्या, आणि पूर्वीचे एक फादर तर त्या येणार असल्या की कुलूप लावायला विसरायचे.

भोक बुजवायची रीत ठरलेली. लाकडी दट्ट्याला सुती चिंधी गुंडाळून तो भोकात ठोकायचा आणि वरून मेणबत्तीचं मेण ओतायचं. मेण थिजलं की पाण्याचा थेंब खाली जात नाही. विधी संपला की दट्ट्या उपटायचा. मी आणि बहिणीनं आदल्या दिवशी खुर्च्या हलवल्या, कुंड घासलं, दट्ट्या ठोकला, मेण ओतलं. बहीण मधेच कोरलेल्या पाकळ्यांवर डोकं टेकून रडली. मी तिला म्हटलं, सरक, तिथे अजून घासायचं राहिलंय. ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्याच संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "बाई, पोरीला सर्दी हाय. थंड पानी नका घालू डोक्याव. कोमट करा जरा."

कोमट तर कोमट. त्यांना दुखवायचं नव्हतं, उद्या त्यांच्याकडेच हात पसरायचा होता. सकाळी बहिणीनं घरून कढत पाण्याची कळशी आणली. आधी कढत पाणी कुंडात ओतलं, मग वरून गार पाण्याचं विसण घातलं, हात बुडवून पाहिला, आणखी थोडं विसण घातलं. बाळाला न्हाऊ घालताना कुठलीही बाई करते तसंच. गार आधी आणि कढत मागून घालावं, हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. खाली मेण आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

विहीणबाई आल्या त्या थेट चर्चमध्येच. नऊवारी, डोक्यावर पदर, काखेत पोर आणि खांद्याला भलीमोठी पिशवी. जावयाला दुपारी गाडी भरायला पोचायचं होतं, तेव्हा विधी उरकला की परस्पर निघायचं, असं त्यानं आधीच सांगून ठेवलेलं. विहीणबाईंनी चपला बाहेर काढल्या. कुंडाजवळ आल्यावर त्यांनी आधी दगडाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. पोर बहिणीकडे दिली, धर्ममाता तीच होती.

पाण्यावर आशीर्वाद मागायची प्रार्थना लांबलचक आहे. जगाच्या सुरुवातीपासूनचं सगळं पाणी त्यात येतं, प्रलय, समुद्र, नदी. फादर पुस्तकात बघून वाचत होते. मी कुंडाकडे बघत होते, कारण पोरीकडे बघण्यापेक्षा ते सोपं होतं. दगडाच्या आतल्या बाजूला पाण्याची ओली रेघ होती. ती पाण्याच्या वर आली, मग आणखी वर आली. मला दिसत होतं. पाणी उतरतंय, हे मला कळत होतं, पण कळणं आणि तोंड उघडणं यांच्यामधली वाटच बुजली होती. मी आपली बघत राहिले.

फादरांनी चांदीची शिंपली बुडवली. "पित्याच्या नावाने," पहिली ओंजळभर धार पडली. "आणि पुत्राच्या," दुसऱ्या वेळी शिंपली तळाला घासली आणि चमचाभर पाणी आलं. तिसऱ्या वेळी नुसताच खर्र आवाज. फादर वाकून आत बघू लागले. तळाशी मेणाचा मऊ लगदा आणि शेजारी तरंगायचा थांबलेला दट्ट्या. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार!

बहीण पांढरीफटक पडली. "दोनच झाले," ती पुटपुटली. जावई म्हणाला, "म्हणजे आता काय, झाला का नाही झाला?" त्याचा प्रश्न रास्त होता. तीन वेळा पाणी पडायला हवं. दोन वेळांवर पोर कुठली, याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

"पाणी आणा," फादर म्हणाले. "कुठलंही चालेल. साधं पाणी."

चर्चचा नळ सकाळचा येतो, तो गेलेला. जावई कळशी घेऊन धावणार, तेवढ्यात विहीणबाईंनी पिशवीतून थर्मास काढला. पोरीच्या दुधाच्या पावडरीसाठी उकळून आणलेलं पाणी. "ह्ये घ्या," त्या म्हणाल्या, "कोमटच हाय." फादरांनी झाकणात ओतून बोटानं पाहिलं आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. तीन वेळा, सढळ हातानं, थर्मास रिकामा होईपर्यंत. पाणी पोरीच्या डोक्यावरून कुंडात पडत होतं आणि त्या भोकातून खाली जात होतं. पोर रडली नाही, शिंकली. विहीणबाईंनी पदरानं तिचं डोकं खसाखसा पुसलं.

तेल लावून झालं, मेणबत्ती पेटवून झाली, आणि मग पोरीनं भुकेनं टाहो फोडला. विहीणबाईंनी सवयीनं थर्मास हलवला. रिकामा.

"दुधाला पानी उकळाया लागंल," त्या म्हणाल्या. जावयानं घड्याळात पाहिलं. "मम्मींच्या घरी चला मग, पटकन."

तर अशा रीतीनं त्या माझ्या घरी आल्या. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी पुढे होऊन दार उघडलं आणि पाणी ठेवायला आत वळले. मागे बहीण पोर घेऊन उंबऱ्याशी आली आणि थांबली. ही जागा ते वाक्य म्हणायची. ती तोंड उघडून उभी राहिली. समोर आई नव्हती, आणि शेजारी विहीणबाई होत्या, ज्यांना काफर कुणाला म्हणतात ते चांगलंच कळलं असतं. मग बहिणीनं पोर विहीणबाईंकडे दिली आणि परसदारी निघून गेली. जावई बाहेर गाडीपाशीच राहिला.

स्वयंपाकघरात आम्ही दोघीच उरलो. पाणी उकळलं, निवलं, विहीणबाईंनी बाटलीत पावडर घालून हलवली, मनगटावर थेंब टाकून पाहिला. मी खुर्ची पुढे केली, त्या खालीच बसल्या, भिंतीला पाठ लावून, आणि पोरीला पाजू लागल्या. मीही खाली बसले. आता विचारायचं, असं मी मनात म्हटलं.

"विहीणबाई, हिला माझ्याकडे ठेवा."

"न्हाय," त्या म्हणाल्या. जरासुद्धा वेळ घेतला नाही. माझ्याकडे बघून, आवाज न चढवता. "ही माज्याकडंच ऱ्हाईल. पन आनीत जाईन मी. म्हयन्यातनं, पंधरवड्यातनं, तुमी सांगाल तवा. पोराचं लगीन झालं तरी आनीन."

मी मान हलवली. काहीतरी मिळालं होतं, काहीतरी गेलं होतं, आणि दोन्ही मला लांबून दिसत होतं.

"पन मना इथं येववत न्हाय, बाई," त्या म्हणाल्या.

"का?"

"तुमी काय बोलत न्हाय म्हनून."

पोरीच्या तोंडातून बाटली सुटली. त्यांनी ती परत दिली.

"पयलटकरीन माहेराला धाडतात," त्या म्हणाल्या. "तुमी न्याया आलावता. मी न्हाय धाडली. पनवेल जवल पडतं बोलले, दवाखाना मोठा हाय बोलले. तुमी चाय प्यालाव आन गेलाव. मंग ती मेली. तवापासून मी वाट बघतंय, ही बाई मना कवा बोलंल, कवा बोलंल. तुमी फोन करताव, पोरीला ताप हाय का इचारताव, माजे गुडघे कसं हायत इचारताव. मना एक शबद बोलला न्हाय. असं कसं चालंल? मी तुमच्या दारात कुठल्या तोंडानं यायचं? एक दिस माजे पायच इकडं वळायचे न्हाय. आन मी न्हाय आले तर हिला कोन आनील? बोला, बाई."

मी म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, कुठेही झालं असतं तरी..."

"डाक्टर बोलले ते मना म्हाईत हाय. तुमी बोला."

बाहेर जावयानं हॉर्न वाजवला. त्यांनी दाराकडे पाहिलंही नाही.

मी पोरीच्या पायांकडे बघितलं. एक मोजा निघाला होता. मग मी म्हणाले, "तुम्ही तिला माझ्याकडे पाठवायला हवं होतं." आवाज वर्गातल्यासारखा निघाला, कोरडा.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"तिला यायचं होतं. ती मला फोनवर म्हणाली, मम्मी, मला घेऊन जा. मी तिला म्हटलं, सासूबाई म्हणतात तसं कर."

"व्हय."

"सातवा महिना लागल्यापासून मी तिची खोली तयार ठेवली होती. तुम्ही मला चहा दिलात. चहा दिलात आणि परत पाठवलंत."

"व्हय, बाई."

"माझी पोर मेली, विहीणबाई."

गेली, असंच मी इतके महिने म्हणत आले होते. मेली हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला, आणि त्याच्यामागोमाग घशातून असा आवाज आला, की परसदारातून बहीण धावत आली आणि दारातच थबकली. मला तो राग होता की रडणं, ते तेव्हा कळलं नाही. दोन्ही असावं. मी जमिनीवर हात आपटत होते. मला त्या बाईचा जीव घ्यावासा वाटत होता आणि तिच्याच मांडीवर डोकं ठेवावंसं वाटत होतं. पोर दचकली आणि रडू लागली. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला.

विहीणबाईंनी पोरीला खांद्यावर टाकलं आणि बहिणीला हातानं खूण केली, की त्याला जाऊन सांग, गाडी बंद कर म्हणावं. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचेही डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"अजून बोला," त्या म्हणाल्या. "आमाला घाय न्हाय."